टिकटिक मॅनिफोल्डची आणि शिव्या टॅपेटला

यावेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय. जुनी गाडी, बॉनेटखालून टिकटिक किंवा फसफस, आणि जोडीला तक्रार की गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. निदानही सगळ्यांनी स्वतःच करून टाकलंय, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा इंजिनाला बोल्टने लावलेला भाग) लीक आहे म्हणून पिकअप गेला. यातलं पहिलं अर्धं बहुतेकांचं बरोबर आहे, दुसऱ्या अर्ध्यावर माझं जरा भांडण आहे. पण सुरुवात अशा पत्राने करतो ज्यात पिकअपचा विषयच नाहीये.

प्रश्न: गाडी वीस वर्षं जुनी, पेट्रोल. ट्रॅफिकमध्ये थांबलो की आत धुराचा वास येतो, गाडी पळायला लागली की जातो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलीचं डोकं दुखतं, मळमळतं. आम्ही समजायचो हिला गाडी लागते, पण खाली उतरून मोकळ्या हवेत गेली की थोड्या वेळात बरी होते. मेकॅनिक म्हणतो गाडी जुनी आहे, थोडाफार वास यायचाच.

उत्तर: थोडाफार वास अजिबात यायचा नसतो. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका, मुलीला घेऊन तर नाहीच. मळमळ आणि डोकेदुखी गाडी लागल्यामुळेही होते हे खरं, पण धुराचा वास आणि उतरल्यावर बरं वाटणं या दोन्ही गोष्टी सोबत असतील तर मी कार्बन मोनॉक्साइड धरूनच चालेन. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त ताकदीने चिकटतो, म्हणजे हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. आणि त्याला स्वतःचा वास नसतो हे लक्षात घ्या, तुम्हाला येतो तो वास धुरातल्या बाकीच्या अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, त्यामुळे एखाद्या दिवशी वास आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. परत कोणाला गुंगी आली, उलटी झाली तर सरळ डॉक्टरकडे जा आणि गाडीत धूर येत होता हे त्यांना आपणहून सांगा.

आता गाडीचं. बहुतेक गाड्यांत ब्लोअरची हवा समोरच्या काचेच्या खालच्या बाजूने आत ओढली जाते, म्हणजे बॉनेटच्या अगदी मागच्या कडेला. मॅनिफोल्डला गळती असेल तर उभ्या गाडीत तो धूर बॉनेटखाली साचतो आणि ब्लोअर तो आत घेतो, पळताना वारा तो खालून उडवून नेतो. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं. उलट कोणाला पळताना वास येत असेल तर त्यांनी डिकीच्या दाराचं रबर बघावं, गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत खेचला जातो. मॅनिफोल्ड, डाउनपाइपचा (मॅनिफोल्डपासून खाली जाणाऱ्या पाइपाचा) जोड आणि इंजिन-केबिनमधल्या पत्र्यातली केबलची भोकं, तिन्ही तपासून घ्या, आणि ज्याने "यायचाच" म्हटलं त्याच्याकडून नको.

प्रश्न: माझी कार्ब्युरेटरवाली गाडी आहे, तीस वर्षं होऊन गेली. सकाळी चालू केली की टिकटिकटिक, जोरात. दहा मिनिटांत बरीच कमी होते. दोन मेकॅनिकनी टॅपेट सेट केले, एकाने दोनदा केले, फरक शून्य. पिकअप पण कमी झालाय, चढावर तिसरा टाकावा लागतो जिथे पूर्वी चौथ्यात जायची. मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालंय का आणि ते बदललं की पिकअप परत येईल ना?

उत्तर: पॅकिंग उडालं असण्याची शक्यता भरपूर आहे. पिकअप परत येईल का, याला माझं उत्तर बहुतेक नाही असं आहे, थोडं थांबा, सांगतो.

आधी आवाज. टॅपेट (वॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग) आणि मॅनिफोल्ड यांच्या आवाजात सगळेच फसतात, मीही फसलोय, आणि त्याला कारण आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह दोन फेऱ्यांमागे एकदा उघडतो. म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० ठोके, सेकंदाला सहा-सात. ढिल्या टॅपेटची टिकटिकही याच गतीने येते आणि त्याच सिलिंडरच्या तोंडाशी गॅस फुटत असेल तर तीही याच गतीने येते. कानाला ताल एकच लागतो, मग माणूस जे सोपं आहे ते करतो, टॅपेटचं कव्हर उघडतो.

फरक तालात सापडत नाही, तो गरम-थंडमध्ये आणि लोडमध्ये सापडतो. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड तापला की फुगतो आणि बारीक फट मिटते, म्हणून थंडीत जास्त, गरमला कमी. आणि अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनावर भार आला की गळतीचा आवाज एकदम वाढतो, कारण वॉल्व्ह उघडताना आत दाब जास्त असतो. टॅपेट भाराने फारसा बदलत नाही, आरपीएम वाढले की नुसता भरभर वाजतो.

खात्री करायची असेल तर तुमच्या गाडीला जुना, सोपा उपाय आहे. आयडलला एकेका प्लगची वायर काढून बघा, चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीने, हाताने नको, आणि काढलेली वायर इंजिनच्या पत्र्याला टेकवून ठेवा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर टिकटिक बंद होईल तिथे गळती आहे, कारण स्फोटच झाला नाही तर बाहेर फुटायला दाब कुठून येणार. टॅपेट असेल तर वाजतच राहील, त्याला स्फोटाशी काही घेणंदेणं नाही. एक घोळ होऊ शकतो, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर तो आवाजही वायर काढल्यावर कमी होतो, पण तो जड "ठक ठक" असतो, खालून येतो आणि ऑइल गरम होऊन पातळ झालं की वाढतो. तुमचा कमी होतोय, म्हणजे त्याची धास्ती घेऊ नका. ज्यांच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे त्यांनी हा प्रयोग असा करू नये, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो लाल होतो. त्यांनी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सॉकेट काढावं, म्हणजे पेट्रोलच जाणार नाही.

शिवाय टॉर्च घेऊन मॅनिफोल्ड आणि इंजिनचं हेड (वॉल्व्ह असतात तो वरचा भाग) जिथे जुळतात ती कड बघा. गळती जुनी असेल तर काळी किंवा करडी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसतेच, आणि बहुतेक वेळा ती पहिल्या नाहीतर शेवटच्या सिलिंडरपाशी असते.

आता पिकअप. तुमच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर नाही, टर्बो नाही. पेट्रोल किती द्यायचं हे कार्ब्युरेटर ठरवतो, आणि तो फक्त आत जाणाऱ्या हवेकडे बघतो, बाहेर जाणाऱ्या धुराचं त्याला काही पडलेलं नसतं. जो गॅस मॅनिफोल्डच्या फटीतून बाहेर गेला तो पिस्टनवर आपलं काम करून झाल्यावर गेलाय, सायलेन्सरमधून गेला काय आणि वाटेत गेला काय. थोडाफार फरक पडतो, पण चौथ्याचा तिसरा होण्याइतका नाही. म्हणजे तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत आणि एक जास्त आरडाओरडा करतोय म्हणून दुसऱ्याचं नाव कोणी घेत नाहीये.

दुसरा शोधायला मी या क्रमाने जाईन. पायाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून दुसऱ्याला कार्ब्युरेटरची फडकी (हवेच्या वाटेतली झडप) बघायला सांगा, ती पूर्ण उघडते का, केबल ताणल्यामुळे जुन्या गाड्यांत ती बऱ्याचदा पाऊणच उघडते आणि मालक इंजिन उतरवायच्या गोष्टी करत असतो. मग टायमिंग, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युमचा पडदा फाटलाय का, त्याची नळी तडकलीये का. मग चढावर आरपीएम वाढतात पण गाडी तेवढी वाढत नाही असं होतंय का, तसं असेल तर तो क्लच आहे. चाकं उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरून बसलेत का कळेल. आणि शेवटी कॉम्प्रेशन, सगळ्या सिलिंडरचं, नुसता आकडा चांगला असून चालत नाही, आपसात फार फरक नको. दोनदा टॅपेट "सेट" झालेत म्हणून मला एक वेगळीच शंका येते. आवाज घालवायच्या नादात कोणी टॅपेट गरजेपेक्षा टाइट केले असतील तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह तर जळतोच, कारण सीटला टेकल्यावरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. आधी तेच गॅप परत मोजून घ्या, आज.

प्रश्न: गाडी पंधरा वर्षांची, फ्युएल इंजेक्शन. चेक इंजिन लाइट लागलाय, स्कॅनरवर मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड. ऑक्सिजन सेन्सर बदलला, महिन्याभरात परत तोच कोड, परत बदलला, परत तेच. अॅव्हरेज पार पडलंय. आणि गंमत म्हणजे प्लग काढले तर काळेकुट्ट. लीन असेल तर प्लग पांढरे पाहिजेत ना? कोण खोटं बोलतंय?

उत्तर: कोणीच खोटं बोलत नाहीये, आणि मला या महिन्यातलं हे सगळ्यात आवडलेलं पत्र आहे, कारण प्लग काढून बघायची बुद्धी तुम्हाला झाली. प्लगने सांगितलं पेट्रोल जास्त जळतंय, सेन्सरने सांगितलं माझ्याजवळ ऑक्सिजन जास्त आहे. दोन्ही खरं. फक्त तो ऑक्सिजन इंजिनातून आलेला नाही.

धूर पाइपातून नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे दाबाची लाट जाते आणि तिच्या पाठीमागे क्षणभर पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि बाहेरच्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन. सेन्सर बिचारा जे समोर आलं ते सांगतो: साधा झिर्कोनियावाला सेन्सर रिचला (पेट्रोल जास्त असताना) ०.८-०.९ व्होल्ट आणि लीनला ०.१-०.२ देतो, अशी हवा लागल्यावर तो खालीच बसून राहतो. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो, सेन्सर तरी लीनच म्हणतो, तो अजून वाढवतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण साधायचा प्रयत्न असतो, इथे ते केव्हाच मागे पडलंय. वाढवत वाढवत बऱ्याच गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास त्याची मर्यादा संपते आणि मग लाइट लागतो. म्हणजे लाइट लागायच्या आधी कित्येक दिवस तुम्ही जास्तीचं पेट्रोल जाळतच होतात.

आणि इथे पिकअप खरोखर जातो. फुल अॅक्सिलरेटरला ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडून देतो, पण रोजच्या चालवण्यात शिकलेली दुरुस्ती बऱ्याच गाड्यांत तशीच लागू राहते, मग आधीच रिच असलेल्या मिश्रणात आणखी भर पडते आणि गाडी गुदमरल्यासारखी करते. म्हणून मी म्हणतो, लीकने पिकअप गेला का हे विचारायच्या आधी गाडीला सेन्सर आहे का ते विचारा.

स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय त्याचे) आकडे आयडलला बघा आणि मग २५०० आरपीएम धरून बघा. आयडलला वीस टक्के आणि वर गेल्यावर उतरून पाच-सहा, असं असेल तर कुठूनतरी फुकटची हवा येतेय. पण कुठून? इनटेकच्या बाजूला गळती असली तरी आकडे असेच दिसतात, त्यामुळे एवढ्यावरून मॅनिफोल्ड उतरवू नका. इनटेक लीक असेल तर आयडल बहुतेक वेळा वरखाली होतो. सरळ पुरावा पाहिजे तर इंजिन थंड असताना व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या तोंडाचा पाइप सायलेन्सरच्या टोकाला लावा, भोवती फडकं गुंडाळा, आणि मॅनिफोल्डच्या, डाउनपाइपच्या, सेन्सरच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की झालं. स्मोक मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तमच. एक करू नका, कार्ब क्लीनरचा स्प्रे चालू इंजिनावर मारून लीक शोधायची पद्धत. एक्झॉस्ट लीक असलेल्या गाडीवर ते म्हणजे आगीला बोलावणं आहे.

आणि आधीचे दोन्ही सेन्सर फेकले नसतील तर जपून ठेवा, चांगलेच असतील.

प्रश्न: मित्र म्हणतो इंजिनला बॅकप्रेशर लागतंच, लीक झाला की बॅकप्रेशर जातं आणि टॉर्क कमी होतो. खरं का?

उत्तर: मित्राला सांगा, इंजिनला बॅकप्रेशर कधीच लागत नाही. धूर ढकलून बाहेर काढायला पिस्टनला जितकी कमी मेहनत तितकं चांगलं. हा गैरसमज आला कुठून, तर लोक जाडजूड पाइप लावतात आणि खालचा टॉर्क गेला म्हणतात. तिथे हरवतो तो गॅसचा वेग. बारीक पाइपात गॅस जोरात पळतो आणि त्याच्या मागची कमी दाबाची लाट पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते, पाइप गरजेपेक्षा मोठा केला की ती ओढ मंदावते. ट्यून केलेल्या हेडर्समध्ये (मॅनिफोल्डच्या जागी लावलेल्या, मापून बनवलेल्या पाइपांमध्ये) मोठी गळती असेल तर या लाटांचं गणित थोडं बिघडतं, एवढंच काय ते मित्राच्या बाजूने बोलता येईल.

प्रश्न: टर्बो डिझेल, अडीच लाख किलोमीटर झाले. दाबली की फुस्स आवाज, काळा धूर, आणि टर्बो उचलतच नाही. गॅरेजवाला म्हणतो टर्बो बदला. बदलू का?

उत्तर: अजून नको. टर्बो फिरतो तो एक्झॉस्ट गॅसच्या जोरावर, आणि फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हेड आणि टर्बो यांच्यामध्ये मॅनिफोल्ड तडकला असेल किंवा जोड सुटला असेल तर तो जोर टर्बाइनपर्यंत पोहोचायच्या आतच बाहेर जातो, टर्बो उशिरा उचलतो, हवा कमी, डिझेल मात्र पडलेलं, म्हणून काळा धूर. इथे गळती खरंच पिकअप खाते, वरच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीसारखं नाही.

पण त्याहून जास्त वेळा मी पाहिलंय ते इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी पाइप फाटलेला किंवा क्लॅम्प ढिला. त्याचीही लक्षणं हुबेहूब हीच. फरक हाताला कळतो, इंटरकूलरच्या पाइपाची गळती तेलकट असते, बाहेरून ओलसर थर दिसतो, मॅनिफोल्डची गळती कोरडी काळी काजळी सोडते आणि थंड असताना टिकटिकतेसुद्धा. आधी सगळे पाइप चाचपा, मग व्हॅक्युमवर चालणारा अॅक्च्युएटर असेल तर त्याच्या नळ्या, मग मॅनिफोल्ड आणि ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात नेणारा) पाइप जिथे जुळतो ते, आणि टर्बो सगळ्यात शेवटी. टर्बो खरंच गेला असेल तर त्याच्या शाफ्टला बाजूला हलण्याइतकी ढील लागते, पाती घासलेली दिसतात. गॅरेजवाल्याने पाइप काढून हे दाखवलं का तुम्हाला? नसेल तर त्याने नुसता अंदाज केलाय, पैसे तुमचे.

प्रश्न: काका, मी स्वतः मॅनिफोल्ड काढायला घेतला आणि शेवटचा स्टड हेडमध्येच तुटला. अल्युमिनियमचं हेड. आता काय? आणि हाच का तुटला, बाकीचे तर नीट निघाले?

उत्तर: अरे, शेवटचाच तुटतो! त्याच्यामागे हिशेब आहे, बघ. तुझा मॅनिफोल्ड समज ४० सेंटिमीटर लांब, ओतीव लोखंडाचा. जोरात चालवल्यावर तो साडेपाचशे अंशांनी तापला तर लांबीला जवळपास अडीच मिलिमीटर वाढतो. तुझं हेड अल्युमिनियमचं, ते खरं तर लोखंडाच्या दुप्पट फुगणारं, पण पाण्याने थंड ठेवलेलं, त्यामुळे ते पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. मधला स्टड जागच्या जागी राहतो आणि टोकाचे दोन्ही दर वेळी वाकवले जातात, गाडी गरम झाली की एकीकडे, थंड झाली की परत. वर्षानुवर्षं. म्हणूनच मॅनिफोल्डची टोकाची भोकं बऱ्याचदा मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, त्याला सरकायला जागा पाहिजे. गंजाने ती जागा भरली, किंवा कोणी हुशारी करून जाड बोल्ट ठोकला की काहीतरी तुटणारच, स्टड नाहीतर मॅनिफोल्ड.

आता काढायचं कसं. माझी चूक आधी ऐक. मी पहिल्यांदा असा स्टड काढला तेव्हा मधोमध बारीक भोक पाडून ईझी-आउट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) घातला आणि जोर लावला. ईझी-आउट कडक स्टीलचा, तो कटकन आत तुटला. आता त्याच्यात साधं ड्रिल शिरेना. हेड उतरवून मशिन शॉपला न्यावं लागलं, एका दुपारचं काम तीन आठवड्यांचं झालं, आणि घरच्यांनी गाडी विकायचा विषय काढला तो वेगळा. तेव्हापासून ईझी-आउट माझ्या पेटीत आहे पण मी त्याच्याकडे बघत नाही.

तुकडा हेडच्या बाहेर थोडा जरी उरला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारणारा माणूस गाठ. नट तर धरायला मिळतोच, पण खरं काम वेल्डची उष्णता करते, गंजाची पकड सुटते. बॅटरीची वायर काढायला विसरू नकोस आणि अल्टरनेटरचीही. थोडं थंड झाल्यावर हळूच आत-बाहेर, पाव फेरी इकडे पाव फेरी तिकडे, एका दमात नाही. हेड गरमागरम असताना जोर लावला तर अल्युमिनियमचे आटेच सोबत येतात. आतच तुटला असेल तर मधोमध, अगदी मधोमध पंच मारून उलट्या आट्याचं ड्रिल लाव, ते फिरतं त्याच दिशेने स्टड सुटतो, निम्म्या वेळा ड्रिल करतानाच तो बाहेर येतो. घाई नको, पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू दे. आटे गेलेच तर थ्रेड इन्सर्ट बसवता येतो, हेड बाद झालं असं नाही.

आणि हे एवढं करून मॅनिफोल्ड जसाच्या तसा परत लावू नकोस. त्याच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धर आणि खाली फिलर गेज घालून बघ, वाकलेला असेल तर नवीन पॅकिंगही चार दिवसांत उडेल, लेथवर किंवा ग्राइंडरवर फेस मारून घ्यावा लागेल. किती चालतं ते तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. घट्ट करताना मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. जुने नट परत वापरू नकोस. शेवटचं, इंजिनचे माउंटिंग हलवून बघ. रबर तुटलेलं असेल तर प्रत्येक झटक्याला इंजिन डोलतं, डाउनपाइप खाली बांधलेला, सगळा ताण मॅनिफोल्डवर. मॅनिफोल्ड दोनदा तडकलेल्या गाड्या मी बघितल्यात ज्यांत दोष एका रबराचा होता.

प्रश्न: तडकलेला मॅनिफोल्ड वेल्ड करून चालेल का, की सायलेन्सरची पेस्ट लावू? हीट रॅप गुंडाळला तर लीक थांबतो असं ऐकलं.

उत्तर: पेस्ट मागच्या पाइपांच्या जोडाला ठीक, हेडजवळ पेट्रोल गाडीचा गॅस भाराखाली ८०० अंशांच्या पुढे जातो आणि वरून ठोके, तिथे ती भाजून गळून पडते. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग होतं, पण आधी सगळा तुकडा तापवून, निकेलच्या रॉडने, आणि मग हळूहळू थंड करत; नुसता आर्क मारून आणून दिला तर वेल्डच्या शेजारीच नवीन तडा जातो. दुसरा मॅनिफोल्ड मिळत असेल तर मी त्याच्याच मागे लागेन. रॅपने लीक थांबत नाही, फक्त दिसायचा बंद होतो, आणि आतली उष्णता वाढून तडा पुढे सरकतो.

प्रश्न: पॅकिंग बदललं, आवाज पूर्ण गेला, पण गाडी ३००० च्या वर ओढतच नाही. खाली ठीक आहे. आता काय राहिलं?

उत्तर: आता तुमच्याकडे उलटा प्रश्न असू शकतो, धूर बाहेर पडतच नसेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आतलं मातीचं जाळं वितळून किंवा तुटून अडकलं की खाली गाडी बरी चालते आणि वर श्वास कोंडतो. मिसफायर किंवा बरेच दिवस रिच चाललेल्या गाड्यांत हे होतं, आणि लीकमुळे सेन्सर फसला असेल तर तुमचीही गाडी बरेच दिवस रिच चाललेली असणार. कदाचित गळती होती तोवर थोडी वाफ तिथून तरी जात होती!

तपासायला इनटेकला व्हॅक्युम गेज लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं, उंचावर दर हजार फुटांमागे एखादा इंच कमी धरा. २५०० आरपीएम धरून ठेवा आणि बघत राहा. काटा तिथेच राहिला तर एक्झॉस्ट मोकळा आहे, मग फ्युएल फिल्टर आणि पंपाचा दाब बघा, बेल्ट एक दात सरकलाय का बघा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर अडथळा आहे. पक्कं करायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी प्रेशर गेज लावतात, २५०० ला तीन पीएसआयच्या वर गेलं तर कन्व्हर्टर उतरवून टॉर्च लावून आरपार दिसतंय का बघा. गेज नसेलच तर तोच सेन्सर काढून, भोक उघडं ठेवून, मोकळ्या जागेत एक छोटी चक्कर मारा. आवाज भयंकर येईल, त्या भोकासमोर वायर किंवा रबरी पाइप येत नाही ना ते आधी बघा, खिडक्या उघड्या ठेवा. ओढायला लागली तर उत्तर मिळालं. सेन्सर परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ लावा, टोकाला लागू देऊ नका.